सपाटीवरचा सराव, साताऱ्याचा घाट: प्लॅन आणि शूज कसे बदलू?

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी. सातारा हिल हाफला, म्हणजे घाटातल्या एकवीस किमीच्या हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. हातात आठ आठवडे आहेत. जानेवारीत मुंबईची हाफ दोन तास बारा मिनिटांत झाली, पण त्यात चढ काय तो पेडर रोडचा. आमच्याकडे ठाकुर्ली-डोंबिवली पट्ट्यात एमआयडीसीचे रस्ते आणि एक-दोन उड्डाणपूल, बाकी सगळं सपाट. सातची लोकल पकडायची असते, त्यामुळे आठवड्यात जे काय पळायचं ते पहाटे पाच ते सहा.

सध्याचा प्लॅन असा: मंगळवारी सहा किमी सावकाश, गुरुवारी आठ किमी, त्यातले चार टेम्पो (म्हणजे जरा दमवणाऱ्या, पण टिकवता येईल अशा वेगाने), शनिवारी पाच सावकाश, रविवारी लाँग रन. तो आता सोळापर्यंत आलाय. या प्लॅनमध्ये घाटासाठी काय घालू आणि काय काढू? शक्य तितक्या वेळा उड्डाणपूल चढायचा, एवढंच डोक्यात आहे.

दुसरा प्रश्न शूजचा. जुन्या जोडीचे सहाशेच्या वर किमी झालेत, टाचेचं रबर गुळगुळीत झालंय. मुंबईसाठी कार्बन प्लेटवाली (तळात कार्बनची कडक पट्टी असलेली) जोडी घेतली होती, ती जवळपास नवी आहे. तीच घालावी असं वाटतंय. पावसासाठी जॅकेट घ्यावं का? डाव्या गुडघ्याच्या वर मधूनमधून ओढ बसते, तेव्हा रेसच्या सकाळी एखादी पेनकिलर घेतली तर चालेल का?

घाटमाथा

मी साताऱ्याचीच. यवतेश्वरचा घाट माझा रोजचा नाही, पण आठवड्याचा नक्की. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते.

पेनकिलर घेऊन पळू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. लांब पळताना तो आधीच कमी झालेला असतो, त्यात अंगातलं पाणी उतरलेलं. शिवाय ओढ बसतेय ती सांगायला बसतेय. ती दाबून तुम्ही उतारावर सुटलात तर कुठे थांबायचं ते कळणारच नाही. दुखणं पळण्याआधीच असेल, किंवा एका बोटाने दाखवता येईल अशा हाडाच्या जागी असेल, तर आत्ताच फिजिओथेरपिस्टला दाखवा. आठ आठवडे आहेत, वेळ आहे.

आता घाट. समर्थ मंदिर मागे टाकलं की चढ लागतो आणि कासच्या रस्त्याने वर जाऊन त्याच वाटेने परत यायचं. बाहेरून येणारा प्रत्येक जण चढाची तयारी करून येतो. तुम्हीही तेच लिहिलंय, उड्डाणपूल चढायचा. पण चढ फार तर दमवतो. पेस कमी करा, चार पावलं चाला, निभावून जातं. पाय जातात ते उतरताना. रेसच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येणारे लोक मी बघते: पायरी उतरताना कठडा धरतात, हात मांडीवर असतो आणि मागतात स्प्रे. चढाने हे होत नाही.

कारण साधं आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, शरीराला ब्रेक लावतो. त्यात स्नायूचे बारीक तंतू फाटतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. दिलाशाची गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतो. एकदा थोडा उतार पळालात, दुखलं, भरून आलं, की पुढच्या वेळी त्याच उतारावर निम्मंही दुखत नाही आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणून तुमच्या प्लॅनमध्ये मी उतार घालीन.

डोंगर नाही म्हणता, पण इमारत किती मजली आहे? लिफ्टने वर जा, जिन्याने खाली या. उलटं नको. पाऊल अलगद टेकवत, कठड्याला न धरता, सावकाश. पहिल्या आठवड्यात दोन-तीन फेऱ्याच, कारण दुखणारच आहे. मग हळूहळू वाढवा. उड्डाणपुलावर तर चढ चालत जा आणि उतार पळा. ते बघायला विचित्र दिसेल, दिसू दे. घरी एका पायरीवर उभं राहून एका पायाने चार मोजत खाली जायचं, दुसऱ्या पायाची टाच जमिनीला जेमतेम लागेल इतकं, आणि परत वर. गुडघा आत वळता कामा नये. आरशासमोर करा.

गुरुवारचा टेम्पो एक आठवडा आड करा, दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जागी हा उड्डाणपूल. लाँग रन सोळावरून एकोणीसपर्यंत न्या, पुढे नको. त्यातले दोन तरी खऱ्या घाटात व्हायला हवेत. शेवटचा जोरदार उतार रेसच्या साधारण दोन आठवडे आधी, त्यानंतर जिनेही बंद.

उतरायचं कसं, हे लिहून कळत नाही, तरी सांगते. पाऊल लहान आणि भरभर. टाच पुढे टाकून ब्रेक लावायचा नाही, पाऊल कमरेच्या खालीच पडलं पाहिजे. मागे रेलायचं नाही, कंबरेत मोडायचंही नाही, घोट्यातून अगदी किंचित पुढे. हात शरीरापासून थोडे सुटे. नजर चार-पाच पावलं पुढे. वळणावर आतल्या कडेने जायचा मोह होतो, अंतर वाचतं म्हणून, पण वळणाची आतली बाजू सगळ्यात तीव्र उताराची असते. मधून घ्या. रेसच्या दिवसांत इथे धुकं आणि भुरभुर पाऊस असतो, कधी समोरच्याचा टी-शर्टही दिसत नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात आणि कठड्याकडेला शेवाळ धरतं. दोन्ही टाळा.

चढाला घड्याळ बघू नका. सोबतच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो तुमचा वेग. सपाटीपेक्षा किलोमीटरला एक-दीड मिनिट जास्त लागलं तरी घाबरू नका. चढावर गेलेला सगळा वेळ उतारावर परत मिळत नाही, साधारण निम्मा मिळाला तरी खूप. त्यामुळे दोन बाराचा हिशेब इथे लावू नका.

पाषाण_टेकडी

वरच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. मी पुण्यात रनिंग शूजच्या दुकानात बरीच वर्षं काम करतोय, तेव्हा शूजचं मी बोलतो.

कार्बन प्लेटची जोडी या रेसला नको. त्यांचा फोम जाड आणि मऊ असतो. तळाच्या जाडीवर चाळीस मिलिमीटरची मर्यादा जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला घालावी लागली ती उगाच नाही. सरळ सपाट रस्त्यावर त्यांचा फायदा होतो. घाटाच्या वळणावर, ओल्या डांबरावर, दमलेल्या पायांनी उतरताना तीच उंची घोटा डगमगवते. बऱ्याच मॉडेलांना खाली रबरही जेमतेम असतं, वजन वाचवायला.

जुनी जोडी टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून मागून बघा. टाच एका बाजूला कललेली दिसली की काम संपलं. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील तरी तेच. सहाशेला संपतातच असं नाही, कोणाचे पाचशेला जातात, कोणाचे आठशेला. पण टाचेचं रबर गुळगुळीत असेल तर पावसात घाट उतरायला ते नकोतच.

नवी जोडी आत्ताच घ्या, म्हणजे रेसच्या आधी तिचे शंभर-सव्वाशे किमी होतील. साधा रोजच्या सरावाचा शू, टाचेखाली पूर्ण रबर असलेला. जुन्याचा ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, दहा मिलिमीटर असेल तर एकदम चारवर उडी नको, चढावर सगळा भार पोटरी आणि टाचेच्या शिरेवर येतो. मातीच्या पायवाटांसाठीचे ट्रेल शूजही नकोत, सगळा रस्ता डांबरी आहे. खरेदीला संध्याकाळी जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि पळायचे मोजे घालूनच मापून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, कारण उतारावर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात ती तिथेच.

लेसच्या शेवटच्या जादा भोकाचा उपयोग करा. लेस बाहेरून त्यात आत घाला, छोटा फास राहू द्या, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून ओढून मग गाठ मारा. टाच जागची हलत नाही. दुकानात हे एकदा करून दाखवलं की लोक म्हणतात, मापच बदललं.

मोजे सुती नकोत, ओले झाले की घासून फोड येतात. ओल्या शूजमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. हेअर ड्रायर किंवा गॅसजवळ ठेवू नका, गोंद सुटतो.

उपवनकर

ठाकुर्लीहून पहिल्या लोकलने रविवारी ठाण्याला या, तिथून उपवनला रिक्षा. येऊरचा चढ तुम्हाला मिळेल तेवढा पुरे. अर्थात तो जंगलाचा भाग आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द. उजाडल्याशिवाय वर जाऊ नका, एकट्याने तर नाहीच, आणि कानात इअरफोन नको.

मी २०२५ ची दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स रेस केली, पीटरमॅरिट्झबर्गहून डर्बनला उतरणारी, जवळजवळ नव्वद किमी. तिच्या तयारीत आमचा सगळा भर घाटमाथाताईंनी सांगितलेल्या गोष्टीवरच होता. पहिला महिना येऊर उतरल्यावर सोमवारी स्टेशनचा जिना उतरताना जीव जायचा, पुढे काही वाटेनासं झालं. तुम्हाला तर एकवीसच पळायचंय, जमेल.

ठाकुर्लीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची इमारत चौदा मजली आहे, म्हणजे डोंगर घरातच निघाला. बदललेला प्लॅन लिहितो, बघा जमतंय का. मंगळवारी सहा सावकाश. बुधवारी रात्री ऑफिसहून आल्यावर जिने. गुरुवारी एकदा टेम्पो, एकदा उड्डाणपूल. शनिवारी पाच. रविवारी लाँग, त्यातले दोन येऊरला. नवे शूज या शनिवारी घेतो.

राहिलेलं विचारतो: जॅकेट? आणि पाणी बरोबर घ्यावं का? मी साधारण अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओआरएसचं एक पाकीट टाकून नेतो. आणि मला चष्मा आहे.

घाटमाथा

प्लॅन चांगला आहे, फक्त बुधवारचे जिने हलवा. बुधवारी रात्री जिने आणि गुरुवारी पहाटे टेम्पो म्हणजे दुखऱ्या मांड्यांवर जोर. जिने गुरुवारी संध्याकाळी ठेवा, शुक्रवार पूर्ण मोकळा मिळतो. ज्या आठवड्यात येऊर, त्या आठवड्यात जिने नाहीत. ऑफिसहून फार उशीर झाला तर एक वेळ जिने सोडा, झोप सोडू नका.

पाकिटाचं तेवढं नीट ऐका. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, त्यावर छापलेलंही असतं. अर्ध्या लिटरमध्ये ते दुप्पट दाट होतं, मग पोटात मळमळतं आणि आतडं उलट पाणी ओढून घेतं. लोक दुकानात सांगतात की चव चांगली लागते म्हणून दाट करतो. चवीसाठी करू नका. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्ये विरघळवा आणि त्यातलं अर्धा लिटर न्या. अर्धं पाकीट फोडून अंदाजाने टाकायचं नाही, मीठ-साखर सारखी मिसळलेली असेलच असं नाही. थंड हवेत घाम कमी येतो, तेव्हा तहान लागेल तसं प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून भरभरून पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याची लक्षणंही डोकेदुखी, मळमळ अशीच असतात. लोक त्यावर आणखी पाणी पाजतात. ते धोक्याचं आहे.

जॅकेट नको. चढावर दहा मिनिटांत आतून भिजाल. सुरुवातीला उभं राहायला मोठ्या कचऱ्याच्या पिशवीला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडून घाला आणि सुटताना काढून डब्यात टाका, रस्त्यात नको. अंगाला चिकटणारा, शिवण नसलेला टी-शर्ट घ्या. काखेत, जांघेत आणि छातीवर पेट्रोलियम जेली जरा सढळ लावा, ओल्या कपड्याने सोलवटतं. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. पूर्ण कोरडे कपडे आणि टॉवेल शेवटच्या जागी मिळतील अशी सोय करा, थांबल्यावर पाच मिनिटांत थंडी भरते.

चष्म्यासाठी पुढे लांब छत असलेली टोपी घाला, पाऊस काचेवर येत नाही. धुक्यात काचेवर आतून वाफ धरते, त्याला रुमाल उपयोगाचा नाही, तोही ओलाच असतो. एक सुका पेपर नॅपकीन छोट्या झिपच्या पिशवीत खिशात ठेवा आणि वर पोचून परत फिरताना, उताराला लागायच्या आधी थांबून काच पुसा. चालत्या पायाने पुसू नका.

ठाकुर्लीकर

जिने गुरुवारी संध्याकाळी केले. काल शनिवार, आज रविवार, आज सकाळी उठताना मांड्या बऱ्याच दुखतायत. आजचा लाँग रन करू की सोडू?

घाटमाथा

आज सोळा नको. तीस-चाळीस मिनिटं सपाटीवर अगदी सावकाश पळा. पळताना दुखणं कमी होत गेलं तर ठीक, वाढलं किंवा एकाच बाजूला येऊ लागलं तर चालत घरी या. लाँग रन पुढच्या रविवारी. जिने या गुरुवारी तेवढेच ठेवा, वाढवू नका. आणि शुक्रवारी सकाळी किती दुखलं ते इथे लिहा.