शेवटच्या आठवड्यांत बाळ ‘शांत’ होतं?

‘जागा कमी पडते म्हणून नवव्या महिन्यात बाळ हलायचं कमी होतं’ हे या चर्चेत वर दोघींनी लिहिलंय, ते मात्र पटलं नाही. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथांपेक्षा ढुशा आणि सरकणं जास्त. पण हालचाल मंदावायला नको. माझ्या सासूबाईंचंही हेच मत होतं. ३८व्या आठवड्यात एका दुपारी काहीच जाणवेना, म्हणून डाव्या कुशीवर पडून मोजत बसले. दोन तासांत दहा हालचाली हा ढोबळ हिशेब, माझ्या भरल्या चार. सकाळची वाट न बघता दवाखान्यात गेलो. पोटाला पट्टे बांधून वीसेक मिनिटं बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला, ठीक निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उगाच दहादा आलात तरी चालेल.

खोट्या कळा (प्रसूती सुरू न होताच येणाऱ्या) हालचाल केली की थांबतात, याबद्दल मात्र वरच्यांशी सहमत. माझ्या तर जरा चाललं की थांबायच्या.