टाटा ४०७ चं इंजिन थकलंय, ४५ हजारांत काय करता येईल? (इंदूर)

माळवी_गडी
नमस्कार मंडळी. घरची २००१ ची टाटा ४०७ आहे, बिनटर्बोचं ४९७ इंजिन. वडिलांनी घेतली, आता मी चालवतो. महू-मानपूरकडचा बटाटा चोइथराम मंडीत आणायचा आणि मधूनमधून खंडव्याचं भाडं, एवढंच काम.

सकाळी चालू केली की गरम होईपर्यंत पांढरा धूर. चढावर निळा. खंडव्याच्या दोन फेऱ्यांत लिटरभर ऑइल खाते. भेरूघाटात पूर्वी माल भरून तिसऱ्या गिअरवर निघायची, आता दुसऱ्यावरही कुथते. मिस्त्रींनी नुसता आवाज ऐकून 'फुल इंजिन', म्हणजे सगळं खोलून नव्याने भरायचं, असं सांगितलं आणि पार्टची यादी हातात दिली. बेरीज माझ्या ऐपतीबाहेर. माझ्याकडे ४५ हजार आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही आणि कर्ज काढायचं नाही. महिन्याभरात बटाट्याची काढणी सुरू होईल. आधी काय करावं?

देवासनाका
विकून टाक भाऊ. एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी मागच्या दिवाळीत नवीन सीएनजी छोटा हत्ती घेतला. हप्ता वेळेवर जातो, धूर नाही, ऑइलची कटकट नाही, आणि मंडीत गाडी लावली की लोक वळून बघतात.

माळवी_गडी
दादा, ४५ हजारांत नवीन गाडीची डाउनपेमेंटसुद्धा होत नाही. आणि छोट्या हत्तीत माझा बटाटा मावत नाही.

रामबागकर
फुल इंजिनच कर, अर्धवट कामाच्या भानगडीत पडू नकोस. मी माझ्या ४०७ चं केलं तेव्हा कंपनीचंच लायनर-पिस्टन किट (पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ती नळी) घेतलं, क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) ग्राइंड केला, ऑइल पंप नवीन, क्लच प्लेट नवीन, पंप आणि नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) कॅलिब्रेट. ९२ हजार लागले, पण आज भेरूघाट तिसऱ्यावर चढते आणि डिपस्टिकवरचं ऑइल हलत नाही. स्वस्तातलं किट घेशील तर वर्षाच्या आत परत उघडशील, लिहून ठेव.

सराफ्यातला
रामबागकरांशी सहमत. कंपनीचंच किट.

जुनं_ते_सोनं
कोणी सेकंडहँड इंजिनबद्दल का बोलत नाही? भंगारात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन उचल, बसव, विषय संपला. माझ्या साडूने ३८ हजारांत बसवलं. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. मशीनशॉपच्या चकरा नाहीत, रांग नाही.

बडोदेकर_भाऊ
अहो, पण त्या इंजिनाचा नंबर? आरसीवर इंजिन नंबर असतो. दुसरं इंजिन घातलं की मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी असतं, म्हणजे वर्षातून एकदा तो नंबर कोणीतरी बघणारच. माझ्या ओळखीत एकाने बिनकागदाचं इंजिन घेतलं. पुढे कळलं की ते चोरीच्या गाडीतलं होतं. चौकशीत गाडी महिनोन्‌महिने ठाण्याच्या आवारात पडून राहिली. बिल, जुन्या गाडीची आरसी आणि ती रद्द झाल्याचा कागद, हे तिन्ही मिळत असेल तरच विचार करा.

जुनं_ते_सोनं
सगळेच चोर नसतात. साडूची गाडी आजही धावतेय.

पिथमपूर_फिटर
माळवी, आधी एक पार्टसुद्धा विकत घेऊ नकोस. ज्याने काही न मोजता यादी दिली, त्याची यादी बाजूला ठेव. इंजिन काय मागतंय हे इंजिनालाच विचारायचं असतं, आणि ते विचारायला दीड-दोन हजारांच्या वर लागत नाहीत.

१) गरम इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेव. झाकण थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल, धूर भकाभका येत असेल, तर पिस्टनच्या रिंगमधून गॅस खाली येतोय.

२) चारही इंजेक्टर काढून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब बनतो ते, घे. डिझेलचं गेज घे, पेट्रोलचं नको. आकडे किती आले त्यापेक्षा चारांत फरक किती हे जास्त महत्त्वाचं. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये अगदी चमचाभर ऑइल घालून परत घे. आकडा उसळला तर रिंग-लायनर गेलं. तिथंच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड (सिलेंडरवरचं वॉल्व्ह असलेलं झाकण) यांच्यातली जागा फार थोडी असते, जास्त ऑइल ओतलंस तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आणि इंधन बंद ठेवूनच फिरव.

३) डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नकोस. ऑइल प्रेशरच्या जागी काट्याचं गेज लाव. गरम इंजिन, आयडल, एक बारच्या खाली जात असेल तर बेअरिंगचं काम टाळता येणार नाही. मग बाकी सगळं थांबव आणि पैसे क्रँकसाठी ठेव.

४) एअर फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून आतून बोट फिरव. बोटाला धूळ लागली तर इंजिन का झिजलं ते तिथंच कळलं. माळव्याची ही काळी माती एकदा आत गेली की ऑइलमध्ये मिसळून रिंग आणि लायनर खात बसते. तो पाइप न बदलता लाखाचं किट घातलंस तरी तेही तसंच झिजेल.

हे चार आकडे इथे टाक, मग बोलू.

रामबागकर
हे सगळं मोजूनही शेवटी फुल इंजिनच निघणार. मी सांगून ठेवतो.

देवासनाका
मोजण्यात वेळ घालवण्यापेक्षा आज गिऱ्हाईक बघ. धूर वाढला की भाव अजून पडेल.

डिझेल_धूर
नोझल बघा आधी! माझा पांढरा धूर नुसत्या नोझलने गेला होता. मायकोचे घ्या, दुसरं काही नको.

सराफ्यातला
मायको आता कुठे राहिलं? २००८ मध्येच नाव बदलून बॉश झालं.

डिझेल_धूर
नाव बदललं म्हणून काय झालं? सियागंजमध्ये आजही मायकोच मागतात आणि दुकानदार बरोबर तेच काढून देतो.

सराफ्यातला
देतो, पण डब्यावर बॉश असतं. जुन्या मायकोच्या डब्यात मिळत असेल तर दोनदा तपासून घ्या, डुप्लिकेट फार फिरतो.

तुकोगंज_टेम्पो
विषय निघाला म्हणून सांगतो. ४०७ पेक्षा आमची स्वराज माझदा कधीही दमदार होती. त्या काळात तोयोता, निस्सान, मित्सुबिशी सगळ्यांच्या गाड्या इथं बनायच्या, जपानी इंजिनाला तोड नाही.

रामबागकर
काका, मग त्या बहुतेक गेल्या कुठे? ४०७ आली १९८६ मध्ये आणि आजही रस्त्यावर आहे. खेड्यातल्या मिस्त्रीकडेसुद्धा ४०७ चा पार्ट मिळतो. आडरस्त्यावर गाडी अडली की इंजिन जपानी आहे का याला कोण विचारतो?

तुकोगंज_टेम्पो
माझी माझदा मी विकली तेव्हाही अर्ध्या सेल्फवर चालू व्हायची. असो, पोराने जे विचारलंय त्यावर बोला.

माळवी_गडी
फिटरकाकांनी सांगितलं तसं सगळं केलं. महूच्या एका मिस्त्रींकडे डिझेलचं गेज होतं, त्यांनी मोजून दिलं.

कॉम्प्रेशन बारमध्ये: पहिला २४, दुसरा २३, तिसरा १५, चौथा २३. तिसऱ्यात चमचाभर ऑइल घातल्यावर १६, त्याच्या पुढे नाही.

ऑइल प्रेशर गरम आयडलला १.३ बार.

झाकण थरथरतं, उडत नाही. धूर आहे, पण भकाभका नाही.

आणि पाइप. वरून धडधाकट दिसत होता. क्लॅम्प सोडला तर क्लॅम्पच्या बरोबर खाली बोटभर चीर, गोल फिरलेली. कडा कडक होऊन पांढऱ्या पडलेल्या. आतून बोट फिरवलं तर काळसर लगदा निघाला, चिमटीत धरून चोळला की वाळूसारखा कचकचतो. कधीपासून ओढत होती देव जाणे.

पिथमपूर_फिटर
शाब्बास. आता बघ, तिसरा सोडला तर बाकीचे तीन अजून उभे आहेत आणि खाली बेअरिंगला दम आहे. तिसऱ्यात ऑइलने फरक पडला नाही, म्हणजे वरचं काम. एक अजून कर. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आण, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लाव आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा इंजेक्टरच्या भोकातून आत सोड. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. एअर पाइपमधून आला तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग.

माळवी_गडी
सायलेन्सरमधून. लांबून ऐकू येत होतं. झाकणातून थोडा, रेडिएटर शांत.

पिथमपूर_फिटर
एक्झॉस्ट वॉल्व्ह जळलाय. हेड उतरव. उतरवल्यावर:

प्रत्येक वॉल्व्ह गाइडमध्ये बोटाने हलवून बघ. खुळखुळत असेल तर गाइड आणि सील बदल, तुझं निम्मं ऑइल तिथून जात असू शकतं. सीट कापून वॉल्व्ह लॅप केल्यावर (सीटवर घासून घट्ट बसवल्यावर) हेड उलटं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओत. दहा मिनिटांत थेंब झिरपला तर परत लॅप करायला सांग, तसंच घरी आणू नकोस. हेडच्या फेसवर स्टीलची पट्टी आडवी-तिरपी धरून खालून फीलर गेज सरकवून बघ. वाकलं असेल तरच फेस कापायचा. 'करूनच टाकतो' म्हणणाऱ्याला नाही म्हण. जितकं कापशील तितका वॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो.

नोझल चारही टेस्ट बेंचवर नेऊन फवारा डोळ्यांनी बघ. डिझेल_धूर यांचं म्हणणं इथं बरोबर आहे.

हेड बाहेर आहे तोवर बोअर गेजने चारही लायनर वर, मध्ये, खाली मोजून आकडे वहीत लिहून ठेव. आणि माझं मत ऐकशील तर चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवून रिंग आणि बिग एंडची (रॉड आणि क्रँकमधली) बेअरिंगही आत्ताच घाल. वरचा भाग नवा आणि खालचा जुना ठेवला की वरचा दाब वाढतो आणि खालच्या रिंग हात वर करतात. मग ऑइल आणखी जास्त खाईल.

रामबागकर
मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. आणि रिंग घालायच्या तर लायनर-पिस्टन का नाही? झिजलेल्या लायनरमध्ये नवीन रिंग बसत नाही.

पिथमपूर_फिटर
लायनर घातला की दाबून बसवल्यावर बोअर आणि होनिंग (आतून कापून-घासून माप आणणं) आलंच, म्हणजे ब्लॉक मशीनशॉपला. मग क्रँकही बाहेर, तोही मोजायचा, कापायचा झाला तर त्या साइजची बेअरिंग. पोराच्या ४५ हजारांत ते बसत नाही म्हणून रिंगवर थांबलो.

जुनं_ते_सोनं
म्हणून म्हणतो, सेकंडहँड इंजिन.

बडोदेकर_भाऊ
कागद?

माळवी_गडी
सगळ्यांचं वाचलं, घरी वडिलांशीही बोललो. आत्ता फक्त हेड करतो. वॉल्व्ह, गाइड, सील, गॅस्केट, चार नोझल, नवीन एअर पाइप आणि फिल्टर. त्याच्या पलीकडे काही नाही, रिंगही नाही. हेडचं काम, नोझल आणि पाइप धरून १९ हजारांच्या आसपास सांगितलं आहे. उरलेल्या पैशाला हात लावत नाही. काढणीच्या दिवसांत गाडी उभी राहिली तर वर्षाची कमाई बुडते, आणि आमचा बटाटा सपाटीचाच रस्ता धरतो. घाटाचं भाडं पावसाळ्यापर्यंत घेणार नाही. पावसाळ्यात काम मंद असतं, तेव्हा ब्लॉक उतरवून लायनर, पिस्टन, क्रँक एकदमच करीन, तोवर अजून थोडे जमतील. रिंग आत्ता घालून चार महिन्यांनी त्याच रिंग फेकायच्या, हे मला पटत नाही.

रामबागकर
हेड दोनदा उतरेल. गॅस्केट दोनदा. मजुरी दोनदा. विचार कर.

देवासनाका
१९ हजार गेले. तेवढ्यात पहिले हप्ते भरून झाले असते.

पिथमपूर_फिटर
मला अजूनही वाटतं की रिंग आत्ताच घालायला हव्यात. पण गाडी तुझी, हंगाम तुझा. ऑइलचं प्रेशर गेज काढू नकोस, लावलेलंच राहू दे. आठवड्याला एकदा गरम आयडलचा आकडा आणि किती ऑइल घातलं ते वहीत टाक. प्रेशर एकाच्या खाली सरकू लागलं तर हंगाम मध्येच असला तरी गाडी थांबव. बेअरिंग फिरली तर क्रँक जाईल, मग पावसाळ्याचा हिशोबही कोलमडेल. हेड बसवताना बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदल, आतली उरलीसुरली माती निघून जाईल.

माळवी_गडी
काका, बोल्ट जुनेच चालतील की नवीन घेऊ?

पिथमपूर_फिटर
बोल्टचे धागे साफ करून त्यावर नट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघ. मध्ये कुठे अडकला, किंवा एखादा बोल्ट बाकीच्यांपेक्षा लांब दिसला, तर तो ताणलाय, बदल. सगळे सरळ असतील तर तेच घाल, धाग्याला ऑइलचा हात लावून.

तुकोगंज_टेम्पो
आणि पोरा, थर्मोस्टॅट आहे का बघ. जुन्या मिस्त्रींनी पुष्कळांच्या गाडीतला काढून फेकलेला असतो. नसेल तर थंडीत इंजिन तापतच नाही आणि पांढरा धूर तसाच राहतो.

माळवी_गडी
आत्ताच उघडून बघितलं. नाहीये.