‘स्क्रीनिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द अडलाय. १५ ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी टॅबवरची प्रश्नावली मराठीत करतेय, म्हणजे डॉक्टरांकडे आत जायच्या आधी बाकावर बसून हेडफोन लावायचा, प्रश्न ऐकायचे आणि आपलं आपण हो-नाही दाबायचं, त्यावरून कोणाची टेस्ट करायची ते ठरतं. वर ‘लैंगिक आरोग्य तपासणी’ लिहिलंय. एकीने हेडफोन काढून हळूच विचारलं, कपडे काढावे लागतील का?

– चाळणी! एमपीएससीची ‘चाळणी परीक्षा’ असतेच की. वर काय उरतं तेवढंच बघायचं, निदान नंतर.

– अर्थ बरोबर, पण पोरांना चाळणी म्हणजे नापास होणं वाटेल. आणि छाननी अर्जांची होते. ‘तब्येतीचे थोडे प्रश्न’ लिहा ना सरळ. शिवाय क्लॅमिडियासारख्या शरीरसंबंधातून होणाऱ्या संसर्गाला लघवीचा नमुना पुरतो, तेही तिथेच लिहा, कपड्यांची भीती जाईल.

– नाव जाऊदे, आत ‘लैंगिकदृष्ट्या सक्रिय आहात का’ असं तर नाहीये ना?

– आहे ना 🙈 एकाने हो दाबलं, विचारलं तर म्हणे एनसीसीत आहे मी.

– ‘शरीरसंबंध आलाय का’ करा. नुसतं ‘संबंध’ नको, तो मामाशीही असतो. आणि ‘गुप्तरोग’ अजिबात नको, रेल्वेरुळाजवळच्या भिंती आठवतात. ‘लघवीला जळजळ’, ‘अंगावरून पांढरं जाणं’ हे कळतं, पण क्लॅमिडियात बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही, म्हणून लक्षणं विचारून भागत नाही, संबंधाचं विचारावंच लागतं.

– टॅबचा फायदा खरा आहे बरं का. अमेरिकेत १९९५ च्या सर्व्हेत याच वयाच्या मुलग्यांनी कागदावर जे लपवलं ते हेडफोनवर ऐकून कॉम्प्युटरवर जास्त कबूल केलं.

– ‘कबूल’ काय, गुन्हा केलाय का त्यांनी? ‘सांगितलं’ म्हणा.

– बरोबर, चुकलंच.

– शेवटी ‘माहिती गोपनीय राहील’ लिहिलं असेल तर थांबा. १८ च्या आतल्या मुलामुलीचा संबंध कळला की २०१२ च्या पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे तो शब्द खोटा पडतो, आणि तोच वाचून पोरगी खरं सांगणार.

– बापरे. वरचे सगळे शब्द बदलले, शीर्षक ‘तब्येतीचे थोडे प्रश्न’ केलं. ‘गोपनीय’ची ओळ तूर्त काढून ठेवलीये, उद्या डॉक्टरांसोबत बसून लिहिते.