लाटा थोपवणारं त्सुकिजीचं देऊळ

इनारी म्हणजे जपानमधला भातशेतीचा देव. पण तोक्योतल्या त्सुकिजीचं छोटंसं नामियोके इनारी समुद्रामुळे उभं राहिलं. १६५७च्या भीषण आगीनंतर तिथे खाडीत भर घालायला घेतली, पण लाटा बांध टिकू देईनात. आख्यायिका अशी, की एका रात्री पाण्यावर काहीतरी झळाळताना दिसलं. होडी घालून पाहिलं तर इनारीची मूर्ती! १६५९मध्ये तिची स्थापना झाली आणि समुद्र निवला. नामियोके म्हणजेच लाटा टाळणारा.

मला सर्वांत भिडतात ते आवारातले स्मृतिदगड. कोळंबीचा, सुशीचा, अगदी अंड्याचासुद्धा. ज्या जिवांवर पोट चालतं, त्यांच्यापुढे बाजारकरी तिथे हात जोडतात. २०१८मध्ये घाऊक मासळीबाजार तोयोसूला गेला, देऊळ मात्र जागचं हललेलं नाही.