मदत हवी आहे : व्हायरसने बिघडलेल्या लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना जुने मराठी काम कसे वाचवावे?

जाणकारांना नमस्कार.

मी गिरगावात घरूनच डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडण्याचे काम करते. गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभेची पत्रके, लग्नपत्रिका आणि अधूनमधून एखादा कवितासंग्रह, अशी सगळी कामे एकाच लॅपटॉपवर होतात. एका ग्राहकाने मजकूर देण्यासाठी आणलेल्या पेनड्राइव्हमधून या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला असून, आता विंडोज नव्याने टाकण्यावाचून गत्यंतर नाही असे माझे मत झाले आहे. विंडोज टाकण्याची भीती वाटत नाही. त्याआधी काय वाचवायचे, काय सोडून द्यायचे आणि नंतर कोणती आवृत्ती टाकायची, याविषयी मात्र मला अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एक टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क आहे. घेतानाच त्यावर विंडोज १० होम अधिकृत परवान्यासह आले होते. डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग असून माझे सर्व काम डी भागात असते.

लक्षणे अशी आहेत. कोणताही पेनड्राइव्ह लावला की त्यातल्या सगळ्या फायली दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी त्या पेनड्राइव्हच्याच नावाचा, जेमतेम एक-दोन केबीचा एक शॉर्टकट उरतो. लपवलेल्या फायली दाखवण्याचे सेटिंग चालू केल्यावर नाव नसलेला एक फोल्डर दिसू लागतो आणि मूळ फायली त्यात सुखरूप असतात. अर्थात त्या शॉर्टकटवर जो कोणी क्लिक करेल त्याच्याही संगणकात ही पीडा जाणार, म्हणून मी छापखान्यात पेनड्राइव्ह पाठवणे तत्काळ थांबवले आहे. विंडोज डिफेंडर हा विंडोजचाच अँटिव्हायरस उघडल्यास हे सेटिंग ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात असल्याचा संदेश येतो, वास्तविक घरच्या या लॅपटॉपला माझ्याशिवाय दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर नाही. तपासणीतून वगळायच्या जागांच्या यादीत संपूर्ण सी ड्राइव्ह कोणीतरी घातलेला आहे. सिस्टिमच्या फायली दुरुस्त करण्याच्या एसएफसी आणि डिझम या दोन्ही आज्ञा अर्ध्यावर थांबून चूक दाखवतात, आणि विंडोज अपडेटचे पान उघडून लगेच बंद होते.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात चौकशी केली, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी ‘डिस्क पूर्ण फॉरमॅट करून विंडोज ११ प्रो टाकून देतो, ॲक्टिव्हेशन आमच्याकडचे’ असे सांगितले. माझ्याकडे अधिकृत परवाना असताना दुसऱ्याच आवृत्तीवर कोणते तरी ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा प्रोग्रॅम) चालवून घेणे मला पटले नाही. अशा ॲक्टिव्हेटरना चालू देण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि ज्या दारातून चोर आला तेच दार पुन्हा उघडे टाकण्यासारखे ते होईल. शिवाय ‘डी ड्राइव्हमधला डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही’ हे वाक्य ऐकल्यावर मी लॅपटॉप परत घेऊन आले.

माझी मुख्य अडचण डी ड्राइव्हची आहे. माझे बरेचसे जुने काम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. काही श्रीलिपी, काही आयएसएम या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये, आणि त्यातले पुष्कळसे पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक असेल की या फायलींमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे नेमका तोच फॉन्ट संगणकात नसेल तर फाईल उघडूनही पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांपलीकडे काहीच दिसत नाही. एखाद्या मंडळाचा अहवाल दर वर्षी मागच्या वर्षीच्या फायलीवरूनच तयार होतो. देणगीदारांची नावे, ताळेबंदाचे तक्ते, जाहिरातींच्या जागा सगळे त्यातच असते. म्हणजे केवळ फायली वाचवून भागणार नाही, त्यांच्यासोबत फॉन्ट आणि ते चालवणारे सॉफ्टवेअरही नव्या विंडोजवर उभे राहिले पाहिजे. त्या सॉफ्टवेअरचे सेटअप मी सोयीसाठी डी ड्राइव्हवरच एका फोल्डरमध्ये ठेवलेले आहेत. काही व्हायरस ईएक्सई फायलींच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या फायलींच्या आत स्वतःला चिकटवून घेतात असे वाचले आहे. तसे इथे झाले असेल, तर स्वच्छ विंडोज टाकून मी स्वतःच्याच हाताने तो व्हायरस पुन्हा आत घेईन, ही मला सर्वांत मोठी धास्ती आहे.

म्हणून विचारते, की विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मधील फायली ठेवण्याचा पर्याय अशा अवस्थेत विश्वासार्ह मानावा, की डिस्क पूर्ण पुसणेच योग्य? डी ड्राइव्हवरचे सेटअप वापरण्याजोगे आहेत हे कसे ओळखावे? माझ्याकडे बॅकअपची एक बाहेरची हार्डडिस्क आहे, पण लक्षणे दिसण्याच्या सुमारास ती लॅपटॉपला जोडलेली होती. तिच्यावर कितपत भरवसा ठेवावा? आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असताना पुन्हा तेच टाकण्यात अर्थ आहे का? नवा लॅपटॉप घेणे सध्या शक्य नाही, आणि अहवालांचे काम तोंडावर आलेले आहे.

प्रतिसाद १

ताई, तुम्ही लॅपटॉप दुकानातून परत आणलात ते फार चांगले केले. माझा सल्ला असा, की आहे ती डिस्क पुसूच नका. लॅपटॉपमध्ये नवीन सॅटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, तिच्यावर कोरे विंडोज टाका, आणि जुनी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवा. पाचशे जीबीची एसएसडी तुमच्या कामाला पुरेल. यात दोन फायदे आहेत. घाईघाईत एखादे फोल्डर राहून गेले तरी ते जुन्या डिस्कवर शाबूत असते, आणि फिरत्या डिस्कवरून एसएसडीवर गेल्यामुळे तोच लॅपटॉप कितीतरी चपळ होतो.

‘रीसेट’विषयी : फायली ठेवण्याचा पर्याय प्रोग्रॅम काढतो, पण डी ड्राइव्हला हात लावत नाही, म्हणजे तिथे काही दडलेले असेल तर ते तसेच राहते. शिवाय तुमची एसएफसी आणि डिझम चालत नाही याचा अर्थ ज्या फायलींवरून रीसेट व्हायचे त्याच बिघडलेल्या असण्याची शक्यता आहे. क्लाउड डाउनलोड निवडले तर सुमारे चार जीबी नव्याने उतरवून घेता येतात, परंतु ज्या यंत्रात डिफेंडरवरच कब्जा झालेला आहे त्याच्याकडूनच त्याची शुद्धी करून घेणे मला योग्य वाटत नाही. किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि दुसऱ्या कोणाच्या तरी स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह तयार करा. परवान्याची काळजी करू नका. विंडोजसह विकल्या गेलेल्या त्या काळच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची ‘की’ (क्रमांक) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो आणि होम आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ॲक्टिव्हेशन होते. डिस्क बदलल्याने त्यात काही फरक पडत नाही.

जुनी डिस्क मात्र विंडोजमध्ये उघडू नका. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरून चालणारा) बनवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करून जुनी डिस्क आणि बॅकअपची डिस्क दोन्ही तिथे पाहा. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस तिथे आपोआप चालू होत नाही, आणि विंडोजने ‘लपवलेल्या’ ठरवलेल्या फायली तिथे सरळ दिसतात. जुने विंडोज शेवटचे बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे डिस्क अर्धवट निजलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्स तिला लिहिण्यासाठी उघडत नाही. मग नव्या एसएसडीवर केवळ कामाच्या फायली घ्या : पेजमेकरच्या, कोरलच्या, वर्डच्या, पीडीएफ, छायाचित्रे आणि टीटीएफ फॉन्ट. ईएक्सई, एससीआर, बॅट, व्हीबीएस आणि एलएनके या, क्लिक करताच काही चालू करणाऱ्या प्रकारची एकही फाईल घेऊ नका. सॅलिटी आणि रॅमनिट या जातीचे व्हायरस ईएक्सईत खरोखरच शिरतात, आणि रॅमनिट तर एचटीएमएल फायलींतही शिरतो. वर्डच्या फायली उघडताना मॅक्रो (फायलीतच साठवलेल्या आज्ञा) बंद असू द्या आणि वर्डचे जुने नॉर्मल टेम्प्लेट (नव्या फायलींचा मूळ साचा) आणू नका.

डी ड्राइव्हवरचे सेटअप टाकून द्यावेत. मूळ सीडी असतील तर त्या वापरा, कारण छापील सीडीवर नंतर काही लिहिले जाऊ शकत नाही. बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह कोणाकडून तरी चार दिवस मागून घेता येईल. सीडी नसेल तर कंपनीकडून नवे सेटअप मागवा. अगदीच नाइलाज झाला तर ती एकच ईएक्सई फाईल व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या संकेतस्थळावर तपासा. मात्र तिथे चढवलेली फाईल इतर संस्थांनाही उपलब्ध होते, त्यामुळे ग्राहकांची कागदपत्रे तिथे कदापि चढवू नका.

आवृत्तीविषयी : विंडोज ११ ला सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागते, त्यामुळे तुमचा लॅपटॉप त्या यादीत बसत नाही. अट चुकवून ते बसवता येते, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि पोटापाण्याच्या यंत्रावर मी ते करणार नाही. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती टाका आणि विंडोज अपडेटच्या पानावरून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट खाते आणि सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ते विनामूल्य मिळते. ही मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची गृहीत धरा, म्हणजे अहवालांचा हंगाम पार पडेल आणि पुढचा विचार शांतपणे करता येईल.

शेवटी, ब्राउझरमध्ये साठवलेले सर्व पासवर्ड फुटले आहेत असेच समजा. बँक, ईमेल आणि जीएसटीचे पासवर्ड आजच मोबाइलवरून बदला आणि ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्यायही वापरा, कारण पासवर्ड बदलला तरी चोरलेले सेशन (आधीच उघडलेले लॉगिन) चालू राहू शकते. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. मीही अक्षरजुळणीचेच काम करतो, म्हणून फॉन्टपुरते लिहितो. सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची संपूर्ण प्रत लिनक्समधूनच काढा, कारण विंडोजमध्ये तिथे फॉन्टची नावे दिसतात तर लिनक्समध्ये प्रत्यक्ष फायली दिसतात, आणि कोणता फॉन्ट कोणत्या फायलीत आहे हे नंतर जुळवता येते. डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला लावावे लागणारे छोटे उपकरण) वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर उत्पादकाकडून नव्याने घ्यावा लागेल. ६४ बिट विंडोज स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर स्वीकारत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कोऱ्या विंडोज १० मध्ये मंगल फॉन्ट असेलच असे नाही. तो ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ या ऐच्छिक भागात कोकिळा, अपराजिता आणि उत्साह यांच्यासह येतो. तो नसेल तर मंगलमध्ये केलेला मजकूर निर्मला फॉन्टमध्ये उघडतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि सोळा पानांचा अहवाल सतरा पानांवर जातो. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, किंवा ऐच्छिक भागांतून तो संच उतरवून घ्या, आणि त्यानंतरच जुन्या फायली उघडा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डिस्क न पुसता बाजूला काढून ठेवण्याचा मार्ग मला सर्वांत पटला. एसएसडी आणि केसिंग उद्याच घेते. पासवर्ड मोबाइलवरून बदलून झाले आहेत. श्रीलिपीची मूळ सीडी आणि डोंगल दोन्ही कपाटात सापडली, पेजमेकरची सीडी मात्र सापडत नाही. अडोबीने २००१ साली आणलेली ती शेवटची आवृत्ती असल्याने आता ती विकत मिळणार नाही. डी ड्राइव्हवरचा सेटअप हाच एक आधार असेल तर काय करावे?

प्रतिसाद १

मग तो सेटअप फोल्डर सध्या जुन्या डिस्कवरच राहू द्या आणि आधी ओळखीच्या छापखान्यात मूळ सीडी आहे का ते विचारा. गिरगाव आणि परळ भागातल्या जुन्या छापखान्यांत ती असण्याची बरीच शक्यता आहे. सीडी मिळाली की तिच्यावरच्या सेटअपच्या फायलींचा आकार तुमच्या डी ड्राइव्हवरच्या फायलींशी बाइटपर्यंत ताडून पाहा. तुमच्याकडची ईएक्सई मोठी निघाली तर तिच्यात व्हायरस चिकटला आहे असे धरून चाला, आणि मग त्या डिस्कवरची कोणतीच ईएक्सई वापरू नका. आकार सारखा निघाला तरीही, परवाना तुमचा असल्याने, इन्स्टॉल सीडीवरूनच करा.

तोवर ज्या मंडळांचे अहवाल तातडीचे आहेत त्यांच्या गेल्या वर्षीच्या पीडीएफ प्रती वेगळ्या काढून ठेवा. त्या कोणत्याही संगणकावर जशाच्या तशा दिसतात, आणि पेजमेकर सुरू होईपर्यंत नावांचे व आकड्यांचे मुद्रितशोधन त्यांवरून सुरू करता येईल.