मदत हवी आहे: सॅमो हंगच्या भुताच्या पिक्चरची कँटोनीज प्रिंट

मंडळी, हाँगकाँगच्या सॅमो हंगचा १९८० चा 'एनकाउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड' मूळ कँटोनीज (हाँगकाँगकडची चिनी बोली) आवाजात आणि धड इंग्लिश सबटायटल्ससकट कुठे मिळेल का? माझ्याकडे जी आहे ती इंग्लिश डबिंगवाली, आणि त्यात सॅमो हंगच्या बोलण्यातली सगळी गंमतच गेलीये. दिग्दर्शन त्याचंच, हिरोही तोच, एवढा जाडजूड माणूस पण मारामारीत काय चपळ आहे! हॉटेलात बसलेला असताना मांत्रिक त्याच्या एका हाताचा ताबा घेतो आणि तो हात त्याच्याच विरुद्ध लढायला लागतो, तो सीन मी किती वेळा बघितलाय काय सांगू.

दुसरं एक विचारायचंय. याच पिक्चरमध्ये देवळात रात्र काढताना शवपेटीतलं प्रेत उठू नये म्हणून तो कोंबडीची अंडी फेकत बसतो, पण विकणाऱ्याने मध्ये बदकाची अंडी घातलेली असतात आणि ती काही चालत नाहीत. पुढे १९८५ च्या 'मिस्टर व्हँपायर'मध्येपण असंच, उठलेल्या प्रेताच्या विषावर उतारा म्हणून लागणाऱ्या चिकट तांदळात दुकानदार साधा तांदूळ मिसळतो. तर हे अंडी, चिकट तांदूळ, प्रेताच्या कपाळावर चिकटवायचा पिवळा कागद, हे सगळं खरंच तिकडच्या ताओ धर्म मानणाऱ्या लोकांच्या समजुतीतलं आहे की पिक्चरवाल्यांनी मनाने घातलंय? कोणी हाँगकाँगला राहिलेलं असेल किंवा यावर वाचलेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, आणि प्रिंटचं तर नक्की कळवा, भावाला दाखवायचाय आणि डबिंगवाला दाखवायचा नाहीये.