मदत हवी आहे: हॉट टबमधील क्लोरिन रोज सकाळी शून्यावर येते

शिनूक:
आम्ही कॅनडात कॅल्गरीला राहतो. परसातल्या हॉट टबमध्ये (गरम पाण्यात बसण्याच्या मोठ्या टबमध्ये) मी रोज रात्री क्लोरिनची पूड घालते आणि रोज सकाळी तपासणीची पट्टी पांढरीच्या पांढरी निघते. मात्रा वाढवून पाहिली, फिल्टर धुतले, तरी काही फरक पडला नाही. येत्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू आहे. बायकांबरोबर मुलेही येतील आणि ती टबमध्ये उतरल्याशिवाय राहणार नाहीत. नेमकी किती पूड घातली म्हणजे क्लोरिन टिकेल, एवढेच मला हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

नीरक्षीर:
पुण्यात आमच्या सोसायटीच्या जलतरण तलावाच्या पाण्याची देखरेख मी बरीच वर्षे करत आहे. टबमध्ये पाणी किती लिटर मावते, पुडीच्या डब्यावर कोणते रसायन लिहिले आहे, पाणी शेवटचे कधी बदलले, पीएच किती आहे आणि रोज किती माणसे उतरतात, हे कळल्याशिवाय मात्रा सांगता येणार नाही.

परसबाग:
माझा सल्ला असा की क्लोरिनचा नाद सोडून ब्रोमिन हे दुसरे जंतुनाशक घ्यावे. टोरांटोला आमच्या टबमध्ये आठ वर्षे तेच आहे. पीएच थोडा वर गेला तरी ब्रोमिनचे काम चालू राहते आणि तरंगत्या डबीत गोळ्या ठेवल्या की रोज रात्री बाहेर थंडीत जावे लागत नाही.

शिनूक:
ब्रोमिनविषयी मी विचारलेले नाही. टब १४०० लिटरचा आहे, तापमान ४० अंश असते, पीएच पट्टीवर ठीक दिसतो आणि पूड दुकानदाराने दिली तीच आहे. आम्ही घरातले चौघेच उतरतो. आता तरी मात्रा सांगावी.

टिटवी:
तापमान ४० अंशांवरून ३७ वर आणावे आणि झाकण पाणी पिऊन जड झाले असेल तर बदलावे, असे मी सुचवेन. आमच्या घरी या दोन गोष्टींमुळे हिवाळ्यातले विजेचे बिल स्पष्टपणे कमी झाले.

नीरक्षीर:
विजेचा विषय आपण नंतर घेऊ. शिनूक, डब्यावरचे बारीक अक्षर वाचून सांगाल का? आणि पाण्याचे वय अजून तुम्ही सांगितलेले नाही.

शिनूक:
डब्यावर सोडियम डायक्लोर असे लिहिले आहे. पाणी सप्टेंबरच्या सुरुवातीला भरले. तेव्हापासून एक दिवसाआड दोन चमचे पूड घालत होते, नाताळापासून रोज घालते. गेल्या आठवड्यात धाकट्या मुलाच्या पाठीवर आणि मांड्यांवर, पोहण्याची चड्डी घट्ट बसते तिथे, लाल पुरळ उठले होते. इथल्या कोरड्या हवेने झाले असेल असे समजून मी ते आधी लिहिले नाही.

नीरक्षीर:
ते सर्वांत आधी लिहायला हवे होते. पोहण्याच्या कपड्याखाली उठणारे असे पुरळ स्यूडोमोनास या जिवाणूमुळे येऊ शकते आणि क्लोरिन कमी पडलेल्या गरम पाण्यात तो झपाट्याने वाढतो. डॉक्टरांना पुरळ दाखवावे, टबचा उल्लेख आवर्जून करावा आणि पाण्याचा निकाल लागेपर्यंत कोणीही आत उतरू नये. लीजिओनेला हा जिवाणूही अशाच पाण्यात वाढतो आणि जेटच्या (टबमधल्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांच्या) तुषारांबरोबर थेट फुप्फुसात जातो, त्यामुळे नुसते काठावर बसणेही टाळावे.

आता पुडीविषयी. डायक्लोरमध्ये क्लोरिनबरोबर सायन्युरिक ॲसिड, म्हणजे क्लोरिनला उन्हापासून वाचवणारे आम्ल, असते. पाण्यात दहा पीपीएम (लिटरमागे दहा मिलिग्रॅम) क्लोरिन गेले की त्याच्यामागे सुमारे नऊ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जाते. क्लोरिन खर्च होते, हे आम्ल मात्र पाणी बदलेपर्यंत साचतच राहते. चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर तुमच्या दोन चमच्यांनी दर वेळी चार पीपीएम क्लोरिन मिळते आणि साठ वेळांत आम्ल दोनशे पीपीएमच्या पुढे जाते. एवढ्या आम्लात क्लोरिन बांधले जाते, म्हणून मोजमापात ते दिसले तरी जंतू फार सावकाश मरतात. तुम्ही विचारलेली मात्रा मी सांगत नाही, कारण या पाण्यासाठी योग्य अशी मात्रा उरलेली नाही. पाणी बदला.

सह्यभटक्या:
पाणी बदलण्याची घाई कशासाठी? क्लोरिन खूप जास्त झाले की तपासणीचा रंगच उडतो आणि पट्टी पांढरी दिसते. लोणावळ्याच्या बंगल्यावर मला हा अनुभव आला आहे. शून्य समजून मी रोज आणखी घालत गेलो आणि पाहुण्यांचे डोळे चुरचुरू लागले. टबचे पाणी एक भाग आणि बाटलीतले डिस्टिल्ड वॉटर चार भाग असे मिसळून पुन्हा तपासा. गुलाबी रंग आला तर आलेला आकडा पाचाने गुणावा.

नीरक्षीर:
ही शंका रास्त आहे आणि ती मला आधी सुचायला हवी होती. मात्र पट्टीऐवजी थेंबांचा तपासणी संच वापरावा. झाकणाजवळच्या दमटपणात ठेवलेल्या पट्ट्या लवकर बिघडतात.

शिनूक:
काल दुकानातून थेंबांचा संच आणला. चौपट डिस्टिल्ड वॉटर मिसळून पाहिले आणि न मिसळताही पाहिले. दोन्ही वेळा रंग अजिबात आला नाही. म्हणजे शून्य खरेच आहे. सायन्युरिक ॲसिडच्या तपासणीत नळीतला काळा ठिपका पाणी ओतायला लागताच दिसेनासा झाला, म्हणजे आम्लही खूपच आहे. पण मग क्लोरिन रातोरात जाते कुठे? आणि बाहेर उणे अठरा असताना मी टब रिकामा कसा करू?

नीरक्षीर:
चार महिन्यांत पाइपांच्या आतून बुळबुळीत थर धरतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. घातलेले क्लोरिन तोच थर रात्रभर खाऊन टाकतो. नुसते पाणी बदलले तर थर आत राहतो आणि आठवड्याभरात पुन्हा हीच तक्रार येते. म्हणून आधी जुन्याच पाण्यात पाइप साफ करण्याचे द्रावण घालून जेट चालू ठेवावेत, वर येणारा फेस आणि मळ पुसून घ्यावा आणि मगच टब रिकामा करावा.

परसबाग:
अशा थंडीत रिकामा टब काही तास राहिला तर पंप आणि हीटरमधले पाणी गोठून पाइप फुटतात. शिनूक या तुमच्याकडच्या उबदार वाऱ्यांनी तापमान शून्याच्या वर जाईल तो दिवस पाहावा आणि सकाळी उपसून दुपारपर्यंत भरून टाकावा. हे पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडू नये, ते प्रक्रिया न होता थेट बो नदीत जाते. घरातल्या सांडपाण्याच्या जोडणीत सोडावे. ब्रोमिनला सुरुवात करायचीही हीच वेळ आहे.

सह्यभटक्या:
ब्रोमिन नको असे माझे मत आहे. एकदा ब्रोमाइड पाण्यात गेले की नंतर घातलेल्या क्लोरिनपासूनही ब्रोमिनच तयार होते, परत फिरता येत नाही. पहिला आठवडा डायक्लोर घालून सायन्युरिक ॲसिड तीसच्या आसपास आणावे आणि मग साध्या घरगुती द्रव ब्लीचवर यावे. थोडे आम्ल असले की क्लोरिन अंगाला बोचत नाही.

नीरक्षीर:
अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था हॉट टबमध्ये सायन्युरिक ॲसिड वापरू नये असे सांगते. क्लोरिन किमान ३ पीपीएम, ब्रोमिन वापरल्यास किमान ४, आणि पीएच ७.० ते ७.८, असे तिचे आकडे आहेत. झाकलेल्या टबवर ऊन पडत नाही, मग उन्हापासून क्लोरिन वाचवणारे आम्ल मुद्दाम कशाला घालावे? लहान मुले उतरणार असतील तर मी फक्त ब्लीचच वापरेन: सुगंध नसलेले आणि दाट न केलेले. सहा टक्क्यांचे १२० मिलिलिटर घातले की १४०० लिटरमध्ये सुमारे पाच पीपीएम होते.

शिनूक:
गुरुवारी शिनूक वारा आला, तापमान सहा अंशांवर गेले आणि त्या दिवशी काम उरकले. साफसफाईच्या द्रावणाने जेटमधून जे तपकिरी फेसाळ तवंग निघाले ते पाहून मुलांना इतके दिवस कशात बसवले होते याचे फार वाईट वाटले. डॉक्टरांनी पुरळ टबमुळेच आले असावे असे सांगितले. ते आता सुकत आहे. शनिवारी मी झाकणाला कुलूप लावले आणि मुलांना पतंग करायला बसवले. काल रात्री आठला क्लोरिन पाच होते, कोणी उतरले नाही, आज सकाळी आठला चार निघाले. पीएच मात्र दोन दिवसांत ७.४ वरून ७.८ वर चढला आहे. त्याला काय करावे?

नीरक्षीर:
बारा तासांत एक पीपीएम जाणे नव्याने भरलेल्या टबला चालेल, तरी आठवडाभर रोज मोजावे. जेटमधली हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढते, म्हणून पीएच चढतो. कॅल्गरीच्या जड पाण्यात क्षारताही जास्त असते, ती ५० ते ८० पीपीएमवर येईपर्यंत पीएच कमी करणारी पूड थोडी थोडी घालावी. ती पूड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. एक घातल्यावर पंप अर्धा तास फिरू द्यावा, मग दुसरे घालावे, आणि तेवढा वेळ झाकण उघडे ठेवावे.